तोळाभर गोळी आणि दोन गुंजांचं अंतर

नेमबाजीच्या रेंजवर बार झाला आणि रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, मागे ओढला की पितळेची रिकामी पुंगळी उडून बाहेर पडते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा परवाना काढून मी रेंजवर जाऊ लागलो तेव्हा त्या पुंगळ्या कोपऱ्यातल्या बादलीत टाकून घरी यायचो. शेजारच्या बाकावर येणारे एक वयस्कर गृहस्थ मात्र आपल्या पुंगळ्या एकेक करून डब्याच्या खणात परत ठेवत. त्याही तोंड खाली करून, म्हणजे उडवलेली कुठली आणि भरलेली कुठली ते बघताक्षणी कळावं. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या बादलीतच जाणार असतील तर मी घेऊ का?" घ्या म्हटलं, आणि लगेच विचारलं, कशाला? त्याचं उत्तर मी पुढे तीन हिवाळे त्यांच्या गॅरेजमधल्या बाकाशी बसून शिकलो.

वापरलेली पुंगळी पुन्हा भरून नवं काडतूस करणं, याला इथे रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत हा जुना, कायदेशीर आणि घराघरातला छंद आहे. सुरुवात करणाऱ्याला पहिल्या दिवशी कळायला हवं ते या लेखात आहे. काय नाही तेही आधीच सांगतो: किती दारू भरायची याचा एकही आकडा मी देणार नाही. तो आकडा कुणाच्या लेखातून, कुणाच्या तोंडून किंवा मित्राच्या वहीतून घ्यायचाच नसतो. का, ते पुढे येईल.

काडतुसात असतं काय

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, आणि शाळेत तो १८५७ च्या धड्यात भेटतो. एनफिल्ड रायफलचं ते चरबी लावलेलं काडतूस कागदाचं होतं. शिपाई दातांनी कागद तोडायचा, दारू नळीच्या तोंडातून ओतायचा आणि गोळी ठासायचा. बार झाल्यावर मागे काही उरत नसे. धातूची पुंगळी रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेव्हापासून पुन्हा भरण्याजोगं काहीतरी हातात उरू लागलं.

आजच्या काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली इवलीशी टोपी, म्हणजे प्रायमर, आतली दारू, आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो, पण इथे गोळी म्हणजे फक्त नळीतून सुटून जाणारा तुकडा. प्रायमर ही कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीला लागणाऱ्या टोपीचीच नात. फायरिंग पिन आपटली की तिच्यातलं रसायन पेट घेतं, ज्वाळ बुडातल्या भोकातून आत शिरते, दारू जळते आणि तिच्या वायूने गोळी ढकलली जाते. प्रायमर वाया गेला, दारू जळली, गोळी गेली. पुंगळी उरली.

बुडाला मधोमध एकच भोक असलेली ही रचना बॉक्सर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची, १८६६ सालची. त्याच सुमारास बर्डान या अमेरिकन माणसाने दोन बारीक भोकांची वेगळी रचना केली. पुढे अमेरिकेने इंग्रजाची उचलली आणि युरोपात अमेरिकनाची रुजली. रीलोडिंग करणाऱ्याच्या दृष्टीने हे फार बरं झालं. मधोमध एक भोक असलं की वरून सरळ एक सळई घालून जुना प्रायमर सहज ढकलून काढता येतो. दोन भोकांच्या पुंगळीत ते जमत नाही, म्हणून नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

आधी कायदा, मग प्रेस

भारतात राहणाऱ्यांनी हा लेख फक्त समजून घेण्यासाठी वाचावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना घरात असला तरी त्यात काडतुसं बनवण्याची मुभा येत नाही.

अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं रीलोडिंग करायला संघराज्याचा वेगळा परवाना लागत नाही. भरून विकायचं म्हटलं की लागतो. राज्यांचे नियम निराळे असतात, ते आपापल्या राज्यात पाहून घ्यावेत. पण आपल्या लोकांच्या बाबतीत खरी अडचण व्हिसाची आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि दारूगोळा दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत 'दारूगोळा' म्हणजे नुसतं तयार काडतूस नव्हे. रिकामी पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू हे सगळे सुटे भागही त्यातच येतात. ग्रीन कार्ड असलेल्याला ही व्हिसाची अडचण नाही. तुमची परिस्थिती जरा जरी गुंतागुंतीची असेल तर प्रेस, म्हणजे पुंगळ्या दाबायचं यंत्र, विकत घेण्याआधी वकिलाला विचारा.

आणखी एक. भारतात जाताना रेंजची पिशवी प्रवासाला वापरू नका. खालच्या शिवणीत अडकलेलं एक विसरलेलं काडतूस विमानतळावर माणसाला पोलीस ठाण्यापर्यंत नेतं. भाच्याला दाखवायला म्हणून रिकामी पुंगळीही नेऊ नये.

चार हजार कुकर

मी ज्या काडतुसावर शिकलो ते ३०-०६. उच्चार 'थर्टी-ऑट-सिक्स'. ३० म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत, आणि ०६ म्हणजे १९०६, अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं ते साल. शंभराहून अधिक वर्षं झाली तरी हरणाच्या मोसमात ते अजून जागोजाग दिसतं, आणि शिकायला उत्तम आहे. त्याच्यासाठी पुंगळ्या, गोळ्या आणि पुस्तकातली माहिती मुबलक मिळते. शिवाय त्याला लागणारी सावकाश जळणारी दारू पुंगळीचा बहुतेक भाग भरून टाकते. चुकून दोनदा ओतली गेली तर ती वर सांडते, आणि चूक डोळ्यांना दिसते.

अमेरिकेत काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या सामी या उत्पादकांच्या संस्थेने, जी १९२६ पासून आहे, ३०-०६ साठी जास्तीत जास्त दाब ठरवला आहे चौरस इंचाला ६०,००० पाउंड. आपल्या घरचा प्रेशर कुकर साधारण १५ पाउंडांना शिट्टी देतो. म्हणजे चार हजार कुकरांचा जोर, सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागात, तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर. रीलोडिंगमधला प्रत्येक नियम या आकड्यापाशी येऊन थांबतो.

हा दाब अडवते पोलादी चेंबर, म्हणजे नळीच्या मागची, काडतूस बसतं ती कोठी. पण वायू मागे तोंडावर येऊ न देण्याचं काम पातळशा पितळी पुंगळीचं. दाब वाढला की तिच्या भिंती फुगून चेंबरला चिकटतात आणि फट बुजते. दाब उतरला की पितळ किंचित आक्रसतं, म्हणून ती हाताने बाहेर ओढता येते. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त या मिश्रणातच हा लवचीकपणा आहे.

पण आक्रसली तरी ती पहिल्या मापावर येत नाही. थोडी फुगलेलीच राहते. म्हणून पुन्हा भरण्याआधी तिला दाबून मूळ मापावर आणावं लागतं. प्रत्येक वेळी फुगणं आणि दाबणं यात पितळ कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत हंडा घडताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की कारागीर तो तापवून नरम करतो, नाहीतर पुढच्या घावाला तडा जातो. पुंगळीची मानही अशीच चार-सहा बारांनंतर तडकू लागते. ती तापवून नरम करण्याची रीत आहे, पण पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नये. मानेबरोबर बूड तापलं तर बूड मऊ होतं, आणि मऊ बुडाची पुंगळी हा चेंबरमधला घात आहे.

पितळेच्या या तड्यांचा एक धडा आपल्याच देशात शिकला गेला. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली असत, आणि ती कुणी हात न लावता आपोआप तडकत. कारण १९२१ साली उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पावसाळी दमट हवा मिळून ताणाखालचं पितळ पोखरत होते. म्हणून आजही पुंगळ्या स्वच्छ करायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरायचं नाही. देवाची भांडी आपण चिंचेने लख्ख करतो, तसं इथे चिमूटभर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात पुंगळ्या घोळवतात, किंवा अक्रोडाच्या कवचाच्या भुश्यात तास-दोन तास फिरवतात.

तोळा, गुंज आणि पुस्तक

या कामातलं वजनाचं माप आहे ग्रेन. एका पाउंडात ७,००० ग्रेन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काहीच अंदाज येईना. मग लक्षात आलं की हे माप आपल्या आज्या जन्मभर वापरत आल्या. जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा, बरोबर १८० ग्रेनचा असतो. आणि ३०-०६ मध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाणारी नेहमीची गोळी १८० ग्रेनचीच. मी एक हातात घेतली आणि म्हटलं, हा एक तोळा. तोळ्याच्या गुंजा ९६; म्हणजे गुंज जेमतेम दोन ग्रेनची.

आता हे बघा. पुस्तकात एखाद्या गोळीसाठी आणि एखाद्या दारूसाठी दोन आकडे असतात, सुरुवातीचा आणि कमाल. या काडतुसात त्या दोहोंतलं अंतर बहुधा चार-पाच ग्रेनच असतं. दोन-अडीच गुंजा. आणि दारू जळते ती सरळ हिशोबाने नव्हे. दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून वरच्या टोकाला अर्ध्या गुंजेचा फरक खालच्या टोकाच्या अर्ध्या गुंजेसारखा वागत नाही. अंदाजपंचे दाहोदरसे इथे चालत नाही, ते या कारणाने.

पुस्तक म्हणजे रीलोडिंग मॅन्युअल. गोळ्या, दारू आणि रीलोडिंगची साधनं बनवणाऱ्या कंपन्या ती छापतात. हॉर्नडी, सिएरा, लायमन यांची प्रसिद्ध आहेत. प्रेसच्या आधी पुस्तक घ्यावं, एक नव्हे दोन घ्यावीत, आणि पुढची तंत्राची प्रकरणं पूर्ण वाचून मगच मागचे तक्ते उघडावेत. तक्त्यातली प्रत्येक ओळ एका विशिष्ट जोडणीची असते: ही पुंगळी, हा प्रायमर, ही गोळी, ही दारू. यातलं एक बदललं की ती ओळ तुमची राहिली नाही. खालच्या आकड्यापासून पुन्हा सुरुवात. गोळीचं वजन तेच असलं तरीही. शिशाऐवजी निखळ तांब्याची गोळी घेतली, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिसं चालतच नाही, तर तांबं हलकं असल्याने तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते, पुंगळीत जास्त जागा खाते आणि दाब बदलतो.

दारूच्या नावांचा घोळ तर जीवघेणा आहे. आयएमआर ४३५०, एच ४३५० आणि ॲक्युरेट ४३५० अशा तीन दारू बाजारात आहेत. आकडा एक, पदार्थ तीन, जळण्याची गती वेगळी. एकीचा तक्ता दुसरीला लावायचा नाही. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा उघडा असावा, आणि काम संपल्यावर उरलेली दारू त्याच डब्यात परत जावी. कुठली हे पक्कं आठवत नसेल तर ती वापरायची नाही, बस्स. बिनधुराची दारू दिसायला जवळजवळ सारखीच: पेन्सिलीच्या शिशाचे काळपट बारीक तुकडे. रंगावरून कुणालाही ओळखता येत नाही, चाळीस वर्षं भरणाऱ्यालाही नाही.

बाकाशी बसल्यावर

पुंगळीच्या अंगांना आपल्याकडची नावं अगदी चपखल बसतात: बूड, धड, खांदा, मान, तोंड.

स्वच्छ केलेली प्रत्येक पुंगळी आधी उजेडात फिरवून पाहायची. मानेला तडा, बुडाजवळ चकाकणारी रेघ, खोल पोचा, यातलं काही दिसलं की ती बाद. मग धडाला बोटाने वंगणाचा पुसटसा हात देऊन ती प्रेसमध्ये ठेवायची आणि दांडा खाली ओढायचा. प्रेस म्हणजे बाकाला बोल्टने घट्ट बसवलेली तरफ. डाय नावाच्या पोलादी साच्यात पुंगळी वर सरकते, दबून मापावर येते, आणि त्याच ओढीत साच्यातली सळई जुना प्रायमर खाली पाडते. सायकलच्या पंपासारखा एकसारखा जोर लागतो.

माझी चौथी की पाचवी पुंगळी साच्यात अडकली. वंगण लावायला मी तिला विसरलो होतो. दांडा जड लागत होता तरी मी जोर केला, आणि तिच्या बुडाची कड कुरतडून निघाली. ती बाहेर काढायला बुडात भोक पाडून, आटे पाडून, स्क्रूने ओढावी लागली. शनिवारची दुपार गेली. त्या दिवसापासून हाताला नेहमीपेक्षा वेगळं काही लागलं की मी थांबतो, दांडा वर घेतो आणि काय झालंय ते बघतो. वंगण जास्त झालं तरी बिघडतं, साच्यात तेल साचून खांद्याला पोचे पडतात.

साचा किती खाली बसवायचा हा सगळ्यात कळीचा मुद्दा, आणि पुष्कळ जण इथे घाई करतात. खांदा जरुरीपेक्षा जास्त मागे ढकलला तर चेंबरमध्ये पुंगळी ढिली बसते. प्रत्येक बाराला ती लांबीत ताणली जाते, आणि बुडाच्या जरा वर तिची भिंत आतून झिजत जाते. एक दिवस ती तिथेच दोन तुकडे होते आणि गरम वायू मागे येतो. शिकारीच्या रायफलीत खांदा इंचाचा एक-दोन हजारांश मागे गेला तर पुरे. हे मोजायला कॅलिपरला, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या पकडीला, लावायचं छोटं साधन मिळतं, ते जरूर घ्या. झीज ओळखायची युक्ती मात्र फुकटची आहे. कागदाला लावायची टाचणी सरळ करायची, तिचं टोक जरा वाकवायचं आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडापासून वर ओढायचं. खाच असेल तर टोक तिथे अडखळतं. डोळ्याला बाहेरून काहीही दिसत नसताना बोटाला कळतं.

ताणलेली पुंगळी लांबही होते. ३०-०६ ची कमाल लांबी २.४९४ इंच, म्हणजे ६३.३५ मिलिमीटर. त्यापुढे गेलेली मान चेंबरच्या टोकाशी गोळीला चिमटीत धरते आणि दाब भडकतो. म्हणून छाटणीयंत्राने ती २.४८४ वर आणायची आणि तोंडाच्या कडा आतून-बाहेरून साफ करायच्या. मग वंगण पुसून नवा प्रायमर. तो बुडाच्या पातळीपेक्षा केसभर आत बसायला हवा. वरून बोट फिरवलं की कळतं. वर राहिलेला प्रायमर चेंबरमध्ये धोका, काम करताना बाकावरही धोका. प्रायमर त्यांच्या मूळ खोक्यातच ठेवावेत. बाटलीत एकत्र ओतले तर एक उडाला की सगळे उडतात.

आता दारू. या टप्प्याला मी फोन बाहेरच्या खोलीत ठेवतो आणि घरात कुणी बोलायला आलं तर हातातलं काम थांबवून, बाजूला ठेवून मगच बोलतो. काट्याजवळ वारा नको. सोनाराच्या दुकानात तोळा तोलताना पंखा बंद करायचे ते आठवतं ना, तसंच. आधी ठरलेल्या वजनाचा तुकडा ठेवून काटा खरा आहे ना ते बघायचं. मग मापाने थोडी कमीच दारू पारड्यात घ्यायची आणि ट्रिकलर नावाच्या छोट्या नळीची मूठ फिरवत एकेक कण पाडायचा. शेवटचे तीन-चार कण पडताना पारडं जेव्हा रेघेवर येऊन स्थिर होतं, ते बघत राहावंसं वाटतं. नरसाळ्यातून ती पुंगळीत जाते. सगळ्या भरून झाल्या की लाकडी ठोकळ्यातल्या रांगांवर बॅटरी मारून प्रत्येकीतली पातळी बघायची. एखादी रिकामी किंवा कमी असली तर इथे दिसली पाहिजे, रेंजवर नव्हे.

सगळ्यांची पातळी सारखी दिसली की लगेच गोळी बसवायची. तयार काडतुसाची एकूण लांबी पुस्तकात दिलेली असते, कमाल ३.३४० इंच. गोळी फार बाहेर राहिली तर ती नळीतल्या पिळाच्या खाचांना आधीच टेकते, फार आत गेली तर दारूची जागा कमी होते. दोन्हीकडे दाब वाढतो.

रेंजवर, पायरी पायरीने

पहिली काडतुसं सुरुवातीच्या आकड्याची. मग पुस्तक सांगेल तेवढ्या बारीक पायऱ्यांनी वर, प्रत्येक पायरीची तीन ते पाच. कमाल आकडा पुस्तकवाल्यांच्या नळीतला आहे. तुमच्या रायफलीची कमाल त्याआधीही येऊ शकते. ती सांगून येते. बोल्ट उचलायला जड जातो. प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरतो. पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटतो. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशीचं काम संपलं; वरच्या पायरीची उरलेली काडतुसं घरी नेऊन पुलरने, म्हणजे गोळी ओढून काढणाऱ्या हातोडीसारख्या साधनाने, उघडायची. वेग मोजायचं यंत्र असेल तर आणखी एक खूण मिळते: पुस्तकापेक्षा वेग जास्त आला तर दाबही पुस्तकापेक्षा जास्त झाला आहे. फुकट वेग मिळत नाही.

नवशिक्यांचा कमाल आकड्याकडे फार ओढा असतो. मला वाटतं शिकाऱ्याला त्याची गरज नाही. हरणाच्या काळीज-फुफ्फुसांची जागा साधारण आठ इंचांची, न्याहारीच्या ताटलीएवढी. शंभर यार्डांवर सगळ्या गोळ्या दीड इंचात पडत असतील तर काडतूस तयार आहे. कमालीच्या दोन पायऱ्या खालीच बहुतेक रायफली उत्तम मारतात, खांद्याला धक्का कमी बसतो आणि पितळ जास्त टिकतं. शिवाय हवामान असतं. ऑगस्टच्या उन्हात जुळवलेलं काडतूस विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरात थोडं मंदावतं. आणि थंडीत कमालीला नेलेलं उन्हाळ्यात मर्यादा ओलांडतं.

गोळी मात्र आघातावर फुलणारीच हवी. या जातीच्या गोळीला जगभर जे नाव पडलं ते कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यामुळे. १८९९ च्या हेग परिषदेने ती युद्धात निषिद्ध केली. शिकारीत उलट आहे: न फुलणारी गोळी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन दूर जाऊन तडफडत मरतं. म्हणून बऱ्याच राज्यांत हरणासाठी फुलणारी गोळी सक्तीची आहे.

पैसा, सामान, घर

पैसे वाचतात का, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. वर्षाला एक डबा, म्हणजे वीस काडतुसं उडवणाऱ्याचे वाचत नाहीत. सामानाचा खर्च निघायला वर्षं जातील. फायदा वेगळा आहे. तुमच्या एका रायफलीला नेमकं मानवणारं काडतूस मिळतं, लहान चणीच्या माणसासाठी सौम्य धक्क्याचं करता येतं, आणि दुकानातली फळी रिकामी असली तरी सराव थांबत नाही.

एकेरी दांड्याची प्रेस घ्या, एका ओढीला एकच काम करणारी. भराभर भरणाऱ्या फिरत्या प्रेसवर एकाच वेळी चार गोष्टींकडे बघावं लागतं, ते नंतर. प्रेस जुनी चालते, पिढीजात टिकते. आरसीबीएस ही नावाजलेली कंपनी १९४३ पासून, आमच्याच राज्यात हार्टफर्डला असलेली ली त्यानंतरची; कुणाचीही चालेल. जुनी दारू आणि उघड्या डब्यातले प्रायमर मात्र कुणी फुकट दिले तरी घेऊ नका. दुसऱ्याने भरलेली काडतुसंही उडवू नका, कितीही जवळचा असो.

दारू मूळ डब्यात, थंड कोरड्या जागी, कुलपात. डबा उघडल्यावर आंबूस वास आला किंवा तांबूस वाफ दिसली तर ती बिघडली आहे. बाकाशी खाणंपिणं नाही. प्रायमरच्या राखेत शिसं असतं, पुंगळ्या घोळवलेल्या भुश्याच्या धुळीत ते उतरतं, आणि लहान मुलांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. भुसा चाळायचा तर घराबाहेर. हात गार पाण्याने साबण लावून धुवायचे आणि मगच मुलांना उचलून घ्यायचं.

इथे बंदुकीचा मोसम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो आणि नऊ दिवस चालतो. त्याच्या आदल्या आठवड्यात मी मोसमासाठीची सगळी काडतुसं रेंजवर नेतो आणि नळी निशाणाकडे रोखून एकेक चेंबरमधून फिरवून बघतो. अडखळणारं एकही खिशात जाता कामा नये. प्रत्येक डब्याच्या झाकणाआड एक चिठ्ठी असते: तारीख, रायफल, गोळी, दारूचं नाव आणि डब्यावरचा लॉट नंबर, वजन, लांबी, आणि या पितळेचा हा कितवा बार.

यंदा सहाव्या बाराच्या वीस पुंगळ्या होत्या. एकोणीस आतून गुळगुळीत लागल्या. विसावीत टाचणीचं टोक बुडापासून बोटाच्या पेराएवढं वर जरासं अडकलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तिथेच अडकलं. बाहेरून ती इतरांसारखीच चकाकत होती. मी तिचं तोंड पक्कडीने चेपलं, म्हणजे चुकून कुणी भरायला घेऊ नये, आणि भंगाराच्या बरणीत टाकली.